कंबरदुखी, खाट आणि व्यायाम : एका उलटलेल्या उपचाराचा इतिहास

१/ ऑक्टोबर १९६१. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी अवघे ४४ वर्षांचे. तोवर पाठीवर चार शस्त्रक्रिया झालेल्या, कंबरेला पट्टा, दुखऱ्या जागी वारंवार बधिरतेची इंजेक्शने. पायात मोजा चढवणेही कष्टाचे. अशा वेळी एक गिर्यारोहक डॉक्टर व्हाइट हाउसमध्ये येतो आणि सांगतो : व्यायाम सुरू करा. आजचा धागा या सल्ल्यामागच्या इतिहासाचा.

२/ आज हा सल्ला आपल्याला साधा वाटतो. तेव्हा तो प्रवाहाविरुद्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कंबर दुखणाऱ्या माणसाला डॉक्टर प्रामुख्याने एकच आज्ञा देत : पडून राहा. रुग्णाला खाटेवर कोणी निजवले, कोणत्या पुराव्यावर निजवले आणि पुढे त्याला उठवले कोणी, हे क्रमाने पाहू.

३/ मित्रहो, आधी आपल्याच भाषेकडे पाहा. मराठीत ‘आराम करणे’ म्हणजे विश्रांती घेणे आणि ‘आराम पडणे’ म्हणजे दुखणे शमणे. एकच शब्द उपायालाही आणि परिणामालाही. विश्रांती घेतली की बरे वाटणारच, ही समजूत आपल्या बोलण्यात इतकी मुरलेली आहे की तिची परीक्षा घ्यावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. युरोपातील वैद्यकालाही ही परीक्षा घ्यायला शतकाहून अधिक काळ लागला.

४/ कंबरदुखी मात्र फार जुनी. इजिप्तमधील ‘एडविन स्मिथ पपायरस’ हा सुमारे इ.स.पू. १६०० मधील वैद्यकीय लेख. त्यात ४८ रुग्णप्रकरणे आहेत. शेवटचे प्रकरण मणक्याच्या लचकेचे. वैद्य रुग्णाला पाय लांब करून पुन्हा आखडायला सांगतो. वेदनेमुळे रुग्ण ते तत्काळ आखडून घेतो. उपचारात त्याला उताणे निजवावे, असे म्हटले आहे, आणि पुढचे वाक्य पूर्ण होण्याआधीच लेख तुटतो.

५/ आपल्याकडे चरकसंहितेत ‘गृध्रसी’चे वर्णन येते : नितंबापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी अशा क्रमाने पायापर्यंत उतरणारी वेदना. आज ज्याला सायटिका म्हणतात, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. सुश्रुताने निरोगी माणसासाठी व्यायामाची मर्यादा सांगितली, ती आपल्या निम्म्या शक्तीपर्यंतची. मात्र व्यायाम हा आरोग्यरक्षणाचा भाग होता. दुखणाऱ्या कंबरेचा तो मुख्य उपचार नव्हता. तिथे तेल, शेक आणि बस्ती यांनाच मान होता.

६/ आधुनिक कथा १८२८ मध्ये सुरू होते. ग्लासगोचे डॉक्टर थॉमस ब्राउन यांनी ‘मणक्याचा क्षोभ’ ही कल्पना मांडली. पाठीचे दुखणे म्हणजे अंगातला वात किंवा संधिवात, असा जो समज होता, त्याच्या जागी वेदनेचे मूळ कण्यातच आहे, हा विचार आला. वरवर हा बदल लहान. परंतु त्याने कणा संशयाच्या भोवऱ्यात सापडला. तो नाजूक आणि सहज बिघडणारा अवयव ठरू लागला.

७/ मग आली रेल्वे. अपघात वाढले, भरपाईचे दावे वाढले. १८६६ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतील मज्जासंस्थेच्या इजांवर पुस्तक लिहिले. बाहेर जखम दिसत नसतानाही धक्क्याने कण्याला दीर्घकाळ टिकणारी इजा होते, असे त्यांचे म्हणणे. ‘रेल्वे स्पाइन’ हा शब्द न्यायालयांत गाजू लागला. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी त्याला उत्तर दिले : यात भीतीचा आणि मनावरील आघाताचा वाटा मोठा आहे. पेज हे रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते, हेही लक्षात असू द्यावे.

८/ याच काळात विश्रांती हे वैद्यकाचे तत्त्व बनले. जॉन हिल्टन यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत विश्रांतीला निसर्गाचा मोठा उपचार मानले. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस त्याहून कठोर. ते पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्यांच्या मते विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स पुढे ब्रिटिश अस्थिवैद्यकाचे अग्रणी झाले आणि हा वारसा पुढच्या पिढ्यांकडे गेला.

९/ थॉमस अविचारी नव्हते. त्यांच्यासमोर हाडांच्या आणि सांध्यांच्या क्षयाचे रुग्ण होते. क्षयावर औषध नव्हते. किडलेला सांधा हलू न देणे हाच त्यातल्या त्यात शहाणा मार्ग होता. अस्थिभंगातही तेच. चूक पुढे झाली. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला लागू असलेला नियम ओझे उचलताना उसण भरलेल्या कंबरेलाही लावला गेला. साधर्म्य गृहीत धरले गेले. तपासले गेले नाही.

१०/ दुसरा प्रवाह अस्तित्वात नव्हता, असे नाही. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची केंद्रीय संस्था स्थापली आणि वैद्यकीय व्यायामाची स्वतंत्र शाखा घडवली. १८६५ मध्ये गुस्ताव झांडर यांनी तिथेच यंत्रांच्या साह्याने व्यायाम देणारी संस्था काढली. आजच्या जिममधील यंत्रांची ती पूर्वजच. एकाच शतकात युरोपच्या एका टोकाला रुग्ण हलवला जात होता आणि दुसऱ्या टोकाला बांधला जात होता.

११/ तराजू निर्णायकपणे झुकला तो १९३४ मध्ये. बोस्टनचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिले की, दोन मणक्यांमधील चकती फाटून तिचा भाग नसेवर दाब आणू शकतो आणि शस्त्रक्रियेने तो काढता येतो. हा शोध खराच मोठा होता. पायात उतरणाऱ्या वेदनेचे एक ठोस कारण प्रथमच स्पष्टपणे हाती आले होते.

१२/ परंतु ठोस कारण सापडले की त्याचा मोह पडतो. नसेवर दाब येणारे रुग्ण थोडे, नुसती कंबर दुखणारे असंख्य. तरीही पुढील काही दशके सगळ्या कंबरदुखीकडे चकतीच्या चष्म्यातून पाहिले गेले. आपल्याकडील ‘गादी सरकली’ हा वाक्प्रयोग त्याच चष्म्याचा वारस. जी वस्तू सरकते ती हलल्यावर आणखी सरकेल, अशी भीती त्या शब्दांतच दडलेली आहे.

१३/ १९३७ मध्ये डॅलसचे पॉल विल्यम्स यांनी जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामांचा एक संच मांडला. पोटाचे स्नायू बळकट करायचे, गुडघे छातीशी घ्यायचे आणि कंबरेचा पुढचा बाक कमी करायचा. सारा भर पुढे वाकण्यावर. हा संच कित्येक दशके फिजिओथेरपी विभागांत चालला. म्हणजे व्यायाम हद्दपार झाला नव्हता. खाटेच्या सावलीत उभा होता.

१४/ खाटेवर जाहीर हल्ला १९४७ मध्ये झाला. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाला खिळून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्या, झिजणारे स्नायू, ठिसूळ होणारी हाडे, खचणारे मन. लेखाची शैली खुसखुशीत, पण आरोप गंभीर होता : खाट निरुपद्रवी नाही. तेही एक औषध आहे आणि त्याचेही दुष्परिणाम आहेत.

१५/ आता तो गिर्यारोहक डॉक्टर. हान्स क्राउस यांचा जन्म १९०५ चा, वैद्यकीय कारकिर्दीची सुरुवात व्हिएन्नात. खेळाडूंचा पाय मुरगळला की ते प्लास्टर घालण्याऐवजी दुखऱ्या जागी थंडावा देणारा फवारा मारत आणि लगेच हालचाल करवत. रुग्ण लवकर बरे होताना त्यांनी पाहिले. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्याच वर्षी, १९३८ मध्ये, ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्कजवळच्या कड्यांवरील त्यांच्या चढाया आजही गिर्यारोहकांत प्रसिद्ध आहेत.

१६/ न्यूयॉर्कमध्ये सोनिया वेबर यांच्यासह क्राउस यांनी सहा सोप्या चाचण्या बसवल्या. कंबर, पोट आणि मांड्या यांची किमान ताकद व लवचीकता त्यांतून कळे. पुढे या चाचण्या शाळकरी मुलांवर केल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक अमेरिकी मुले नापास झाली. युरोपीय मुलांत हे प्रमाण दहातल्या एकाहूनही कमी. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी याची दखल घेतली आणि १९५६ मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

१७/ क्राउस यांचा सिद्धांत असा : बहुसंख्य कंबरदुखीत मणका सडलेला नसतो, स्नायू अशक्त आणि ताठर झालेले असतात. केनेडींच्या बाबतीत त्यांनी तोच मार्ग धरला. आठवड्यातून तीन वेळा, हलक्या व्यायामापासून हळूहळू वर. काही महिन्यांत राष्ट्राध्यक्षांच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा झाली. पट्टा मात्र पूर्णपणे सुटला नाही; २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्येही तो त्यांच्या कंबरेला होता.

१८/ इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. एक प्रसिद्ध रुग्ण बरा झाला, हा पुरावा नव्हे. कंबरेची ताजी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळते. खाटेला शंभर वर्षे असेच फुकटचे श्रेय मिळत आले. व्यायामालाही ते तसेच मिळू लागले असते, तर आपण एका समजुतीकडून दुसऱ्या समजुतीकडे गेलो असतो, इतकेच.

१९/ योगायोगाचे उत्तम उदाहरण १९५६ चे, न्यूझीलंडमधील वेलिंग्टनचे. फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाला पालथे निजायला सांगितले. मेजाची एक बाजू उंच राहिली होती. रुग्ण त्यावरच पालथा पडला, त्यामुळे त्याची कंबर मागे वाकलेली राहिली. काही मिनिटांनी पायातली वेदना नाहीशी झालेली! मॅकेन्झींनी यातून मागे वाकण्याच्या व्यायामांची पद्धत उभारली. विल्यम्स पुढे वाकवत होते, मॅकेन्झी मागे. आणि दोघांचेही रुग्ण बरे होत होते.

२०/ १९६० च्या दशकात स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे राहताना तो १०० धरला, तर बसताना सुमारे १४० आणि उताणे निजल्यावर २५ च्या आसपास. आकडे पाहून खाटेच्या समर्थकांना भक्कम आधार मिळाला. मात्र दाब कमी होणे आणि रुग्ण बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाखेमसन स्वतः पुढे हालचालीचे आणि कामावर परतण्याचे पुरस्कर्ते झाले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक.

२१/ खाटेची खरी परीक्षा १९८६ मध्ये झाली. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला २ दिवस विश्रांती, दुसऱ्याला ७ दिवस. वेदना आणि बरे होणे यांत फरक आढळला नाही. मात्र २ दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही विचारता आला असता. तो विचारला गेला नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक आहे, असे सर्वांना वाटत होते.

२२/ पुढच्याच वर्षी ग्लासगोचे गॉर्डन वॉडेल यांनी मोठा प्रश्न मांडला. कंबरेचे आजार वाढल्याचा पुरावा नाही; मग कंबरदुखीने येणारे अपंगत्व पाश्चात्त्य देशांत एवढे का वाढले? त्यांचे उत्तर : उपचारच त्याला हातभार लावत आहेत. १९९४ मध्ये आणखी एक धक्का बसला. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआयमध्ये ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा दिसला. म्हणजे चित्रातला दोष आणि माणसाची वेदना यांची गाठ नेहमी पडतेच, असे नाही.

२३/ मग व्यायाम द्यायचा कसा? सिएटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात एक सूत्र दिले : दुखेपर्यंत नव्हे, ठरलेल्या आकड्यापर्यंत. आज दहा वेळा, परवा बारा वेळा. वेदनेने हुकूम द्यायचा नाही. १९९२ मध्ये गोथेनबर्ग येथील व्होल्वो कारखान्याच्या १०३ कामगारांवर याच धर्तीची चाचणी झाली. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवणारे कामगार कामावर लवकर परतले.

२४/ पण गोष्ट सरळ रेषेत संपत नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या नगर कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. एकूण १८६ जण, दुखणे ताजे. तीन गट : खाट, विशिष्ट व्यायाम आणि जमेल तसे नेहमीचे व्यवहार. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट! धडा स्पष्ट होता. ताज्या उसणीत खास व्यायामाचीही गरज नाही, चालते-फिरते राहावे. व्यायाम हा उपचार आहे तो जुनाट, म्हणजे बारा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याचा.

२५/ १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधनातून पोटाच्या खोल स्नायूंकडे लक्ष वेधले गेले आणि ‘कोअर’ हा शब्द जिमभर पसरला. दीर्घकाळात तो व्यायाम इतर व्यायामांहून सरस मात्र ठरला नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोरी, पट्टा, खुर्ची यांच्या आधाराने दुखऱ्या शरीरालाही आसने साधतील, अशी पद्धत विकसित केली. २००५ मध्ये अमेरिकेत या पद्धतीची जुनाट कंबरदुखीवर चाचणी झाली आणि निष्कर्ष अनुकूल आले.

२६/ २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ३१३ जणांवर योगवर्गांची चाचणी झाली. दैनंदिन हालचाली सुधारल्या. वेदनेत मात्र ठळक फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकी चाचणीत योग आणि साधे ताण देण्याचे व्यायाम बरोबरीत राहिले. अभिमान बाळगावा, पण अतिशयोक्ती करू नये. योग उपयोगी आहे. एकमेव मात्र नाही.

२७/ २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २४९ चाचण्या एकत्र तोलल्या. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना १०० च्या मापावर सरासरी १५ अंकांनी कमी. ही जादू नव्हे; मध्यम, पण खरा लाभ. विशेष असे की स्नायूंची ताकद जितकी वाढली तितकी वेदना घटली, असे सरळ गणित दिसत नाही. हालचालीची भीती ओसरणे, आपले शरीर मोडणार नाही हा विश्वास परतणे, यांचाही त्यात वाटा दिसतो.

२८/ भीती ओसरवता येते, हे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने दाखवले. १९९७ पासून तिथे दूरचित्रवाणीवर मोहीम चालली : कंबरदुखी निमूट पडून सोसू नका. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, भरपाईचे दावे घटले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले. त्यात आखीव व्यायामाची शिफारस आहे. कंबरपट्टा आणि वजन लावून ताण देणे यांची शिफारस नाही.

२९/ एक इशारा आवश्यक. कंबरदुखीसोबत ताप, अकारण घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग, मोठा अपघात, पायांतली शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर विलंब न करता डॉक्टर गाठावा. क्षय आजही आपल्याकडे आहे; थॉमस यांचे रुग्ण काल्पनिक नव्हते. इतिहास व्यायामाचा कौल देतो तो निदान झाल्यानंतरचा.

३०/ २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. मागच्या पिढ्यांतील कितीतरी जणांनी याच दुखण्यात नोकरी आणि उमेदीची वर्षे खाटेवर घालवली, तीही डॉक्टरांचे ऐकून. त्यामुळे हा इतिहास नुसत्या कुतूहलाचा नाही. आपल्या आजी-आजोबांना विचारा : कंबरेत उसण भरली, तेव्हा तुम्हांला काय सांगितले गेले? किती दिवस निजवले? पाटावर की जमिनीवर? उत्तरे या धाग्याखाली लिहा. अशा आठवणी कोणत्याही दप्तरात नोंदलेल्या नाहीत, आणि सांगणारी माणसे आपल्यात फार काळ असणार नाहीत.